सांध्याचा इतिहास : तारायंत्रापासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत



सटाण्याला रेल्वे आली नाही. रेल्वेने जावयाचे तर येथील माणसाने मनमाड गाठावयाचे, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या मनमाड स्थानकाने जवळजवळ एक शतकभर एक विचित्र प्रकार पाहिला. मुंबईकडून येणारी गाडी रुंद रुळांची, आणि औरंगाबादकडे, निजामाच्या मुलखात जाणारी गाडी मीटर मापाच्या रुळांची. दोन रुळांमधील अंतरात फरक किती? अवघा सव्वादोन फुटांचा. पण तेवढ्या फरकापायी मराठवाड्यातून आलेले कापसाचे गठ्ठे एका डब्यातून उतरावयाचे आणि हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढवावयाचे. दोन्ही रेल्वे आपापल्या जागी उत्तम चालत होत्या. इंजिने चांगली होती, पूल भक्कम होते. खोळंबा होता तो दोहोंच्या सांध्यावर. १९९० च्या दशकात तिकडचे रूळ रुंद झाले, तेव्हा हा सांधा मिटला.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो असाच एका सांध्याचा विषय आहे. हा सांधा आपल्या गावातील मोबाइलच्या टॉवरवर आहे, आणि तो मनमाडच्या हमालांसारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. जाणकार मंडळी त्याला ‘ओपन रॅन’, म्हणजे खुले रेडिओ जाळे म्हणतात. नाव अवघड वाटले तरी त्यातला प्रश्न साधा आहे. एका कंपनीने बनविलेली पेटी दुसऱ्या कंपनीने बनविलेल्या पेटीशी बोलेल काय? आणि बोलत नसेल, तर ती का बोलत नाही? हा प्रश्न नवा नाही. विजेवर संदेश पाठविण्याची विद्या जितकी जुनी, तितकाच तोही जुना आहे.

युरोपात तारायंत्र सुरू झाले तेव्हा प्रत्येक राज्याने आपापली यंत्रे आणि आपापले संकेत ठरविले. तार सरहद्दीपर्यंत जाई आणि तेथे थांबे. फ्रान्स आणि बाडेन यांच्या सीमेवर, स्ट्रासबुर्ग येथे, दोन्ही राज्यांच्या तारमास्तरांचे एक संयुक्त ठाणे होते. फ्रेंच तारमास्तर आलेला मजकूर कागदावर उतरवून घेई आणि टेबलावरून शेजारच्या जर्मन तारमास्तराकडे सरकवी. तो त्याचे भाषांतर करून आपल्या यंत्रावरून पुढे पाठवी. विजेच्या वेगाने आलेला निरोप एका टेबलाची रुंदी ओलांडताना माणसाच्या चालीने चाले! १८५० पासून राज्याराज्यांत करार होऊ लागले आणि १८६५ च्या मे महिन्यात पॅरिस येथे वीस राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन केला. मोर्सचे यंत्र सर्वांनी प्रमाण मानले. त्याच संघाचा वंशज आजही जिनिव्हा येथे काम करीत आहे. हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी ह्या कलकत्त्याच्या डॉक्टराने तारेचे जाळे उभारले, तेव्हा त्याने प्रथम सुईचे स्वतःचे छोटे यंत्र वापरले. परंतु १८५७ मध्ये येथेही मोर्सचेच यंत्र आले. स्वतःचे यंत्र किती का आवडते असेना, जगाशी बोलावयाचे तर जगाचा संकेत घ्यावा लागतो. ही तारसेवा आपल्या देशात २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली.

टेलिफोनचा इतिहास मी धावताच सांगतो. १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज उघडले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला. त्याची विद्या आधी इंग्लंडहून आली, पुढे बेल्जियमहून, आणि त्यानंतर फ्रान्सहून. प्रत्येक वेळी ज्याची विद्या त्याचेच सुटे भाग, त्याचीच दुरुस्ती आणि त्याचाच दर. बेल्जियमची क्रॉसबार एक्स्चेंजे आपल्याकडील फोनच्या गर्दीपुढे टेकीला आली, हे त्या काळी फोन लावून कंटाळलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संशोधन संस्था निघाली. तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे एक छोटे एक्स्चेंज बनविले. ते वातानुकूलित खोलीवाचून, उन्हाळ्याच्या कडाक्यात आणि धुरळ्यात चालत असे. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसले. सी-डॉटने त्याचा आराखडा अनेक कारखान्यांना परवान्यावर दिला, त्यामुळे एकाच नमुन्याची पेटी अनेकांनी बनविली. हेही एक प्रकारचे खुलेपण होते. मात्र त्यात नमुना एकच होता. निरनिराळ्या नमुन्यांच्या पेट्या एकमेकींशी जुळण्याचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. हा भेद आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता मोबाइलकडे येऊ. १९८२ मध्ये युरोपातील टपाल व तार खात्यांनी सर्व युरोपसाठी एकच फिरता टेलिफोन असावा म्हणून एक समिती नेमली. १९८७ च्या सप्टेंबरात कोपनहेगन येथे तेरा देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या, आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये ह्या पद्धतीचा पहिला फोन झाला. हीच जीएसएम पद्धती. तिची खरी कर्तबगारी ही की, फोन कोणत्याही कंपनीचा असो, तो कोणत्याही जाळ्यावर चालतो. सटाण्याच्या बाजारात घेतलेला फोन सिमकार्ड बदलताच लंडनमध्ये बोलतो. फोन आणि टॉवर ह्यांमधील हवेतला सांधा अशा रीतीने पूर्णपणे खुला झाला.

परंतु टॉवरच्या मागे जमिनीवर आणखी सांधे होते. टॉवरच्या तळाशी बेस स्टेशनची पेटी. तिच्यासारख्या अनेक पेट्यांवर देखरेख करणारा एक नियंत्रक. आणि त्याच्या पलीकडे कोणाचा फोन कोणाला जोडावयाचा हे ठरविणारे केंद्र. नियंत्रक आणि केंद्र ह्यांमधील सांधा समितीने नीट बांधून दिला. त्यामुळे केंद्र एका कंपनीचे आणि नियंत्रक दुसरीचा, असे चालू शकले. मात्र पेटी आणि नियंत्रक ह्यांमधील सांध्यात कारखानदारांना पुष्कळ मोकळीक ठेवली गेली. ज्याने त्याने आपापली भाषा त्यात घातली. परिणाम असा झाला की, ज्या कंपनीचा नियंत्रक, तिच्याच पेट्या त्या टापूतल्या प्रत्येक टॉवरवर बसू लागल्या. कागदावर पद्धती खुली होती, टॉवरवर ती बंद झाली. कारखानदारांना दोष देण्यापूर्वी एक गोष्ट मान्य करावयास हवी. एकाच हाताने बनविलेल्या दोन पेट्या एकमेकींशी अधिक सफाईने चालतात, आणि त्या काळी फोन लागणे हेच मोठे काम होते. सोय म्हणून ठेवलेली फट पुढे कुलूप झाली, एवढेच.

भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली ह्यांच्यामध्ये, ज्योती बसू आणि सुखराम ह्यांच्यात झाले. मुंबईस वगळून उरलेला महाराष्ट्र हे एक स्वतंत्र मंडळ ठरले. त्याचे परवाने बिर्ला-एटीअँडटी आणि बीपीएल ह्या दोन गटांना मिळाले. ह्यांतील बिर्लांच्या कंपनीची पुढे आयडिया झाली. ह्या नव्या कंपन्यांना परवान्याचे पैसे भरून पायाखालची जमीन सापडत नव्हती. त्यामुळे सांधा खुला की बंद, ह्याचा विचार करण्यास कोणास उसंत नव्हती. परदेशी कारखानदार सबंध टापू उभारून देई, तेच बरे वाटे. ही सवय किती खोल रुजली ह्याचे उत्तम उदाहरण पुष्कळ अलीकडचे आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने देशभर चौथ्या पिढीची सेवा सुरू केली. त्या अफाट जाळ्याचा सगळा रेडिओ भाग एकट्या सॅमसंगचा होता.

येथे आपल्यातील शेतकरी बंधू विचारतील की, आमच्या शिवारात एकाच टॉवरवर तीन-तीन कंपन्यांची यंत्रे दिसतात, मग बंद काय आणि खुले काय? प्रश्न रास्त आहे. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया ह्यांनी मिळून इंडस टॉवर्स ही कंपनी काढली आणि लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या, डिझेलचे जनरेटर ही सामायिक झाली. पण सामायिक झाले ते लोखंड. वर टांगलेल्या पेट्या ज्याच्या त्याच्याच राहिल्या. वाड्याचे जोते एक आणि चुली वेगळ्या, असा हा संसार आहे.

त्या पेट्यांत काय आहे ते थोडक्यात पाहू. वर, अँटेनाच्या जवळ, रेडिओ असतो. तो हवेतील लहरी झेलतो आणि सोडतो. खाली, किंवा कित्येक किलोमीटर दूर, दुसरी पेटी असते. ती त्या लहरींतून आकडे वेगळे काढते, कोणाला किती वाटा द्यावयाचा ते ठरविते आणि चुका दुरुस्त करते. मार्गशीर्षात देवमामलेदारांच्या यात्रेला गर्दी लोटते, तेव्हा हजारो फोन एकाच टॉवरच्या वाट्याला येतात. त्या वेळी कोणाला आधी आणि कोणाला मागून हे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात ठरविण्याचे काम ह्या खालच्या पेटीचे. वरच्या आणि खालच्या पेटीला काचेच्या तंतूची केबल जोडते. ह्या केबलवर कोणती भाषा बोलावी ह्याविषयी २००३ मध्ये एरिक्सन, ह्वावे, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स ह्या पाच कारखानदारांनी एक ठराव केला. तो त्यांनी छापून प्रसिद्धही केला. परंतु पेट्यांनी एकमेकींना ओळखावयाचे कसे, हुकूम द्यावयाचे कसे, हा महत्त्वाचा भाग ज्याचा त्याच्याकडे राहू दिला. म्हणजे व्याकरण सार्वजनिक आणि शब्दकोश खाजगी! सटाण्याच्या टॉवरवरचा रेडिओ बदलावयाचा तर खालची पेटी ज्याची, त्याच्याच दारात जावे लागे.

दरम्यान दारेही कमी होत गेली. एकेकाळी अशा पेट्या बनविणाऱ्या जगात डझनभर कंपन्या होत्या. २००६ मध्ये अल्काटेल आणि ल्युसेंट एक झाल्या. २००७ मध्ये नोकिया आणि सीमेन्स ह्यांनी आपली जाळी एकत्र केली. २००९ मध्ये कॅनडाच्या नॉर्टेलचे दिवाळे वाजले. मोटोरोलाचा जाळ्यांचा धंदा २०११ मध्ये नोकिया-सीमेन्सने घेतला. आणि २०१६ मध्ये अल्काटेल-ल्युसेंटही नोकियाच्या पोटात गेली. उरल्या एरिक्सन, नोकिया, सॅमसंग आणि चीनच्या ह्वावे व झेडटीई. त्यानंतर चिनी यंत्रांविषयी राष्ट्राराष्ट्रांत संशय वाढला. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये गलवानची चकमक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस, विश्वसनीय ठरलेल्या कारखानदाराचीच यंत्रे जाळ्यात घ्यावीत, असे धोरण सरकारने ठरविले आणि १५ जून २०२१ पासून ते अमलात आले. ब्रिटननेही २०२७ पर्यंत ह्वावेची यंत्रे पाचव्या पिढीच्या जाळ्यातून काढण्याचा हुकूम काढला. पाचांतून दोन वजा केले की गिऱ्हाइकापुढे तीन दुकाने राहतात. आणि सांधा बंद असल्यामुळे, चिनी रेडिओ काढावयाचा तर त्यासोबतची खालची पेटीही उपटून काढावी लागे.

ह्या परिस्थितीची चाहूल जाळी चालविणाऱ्या कंपन्यांना आधीच लागली होती. २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेची एटीअँडटी, चायना मोबाइल, जर्मनीची डॉइश टेलिकॉम, जपानची डोकोमो आणि फ्रान्सची ऑरेंज ह्यांनी ओ-रॅन आघाडी स्थापन केली. एअरटेल आणि जिओही पुढे तीत आल्या. यंत्र विकणाऱ्यांनी नव्हे, तर ते विकत घेणाऱ्यांनी पुढाकार घेतला, हे ह्या आघाडीचे वैशिष्ट्य. खालच्या पेटीचे त्यांनी दोन भाग कल्पिले, रेडिओशी जोडणारी केबल कोठे तोडावयाची ती जागा नेमकी ठरविली, आणि त्या जागी बोलावयाच्या भाषेचा शब्दकोशही छापला. खालची पेटी खास यंत्र असण्याचीही गरज नाही, साधा संगणक आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम पुरे, असाही विचार पुढे आला. निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्या एकत्र आणून त्या जुळतात की नाही हे पाहण्याचे मेळावेही भरू लागले.

हा विचार व्यवहारात प्रथम मोठ्या प्रमाणावर उतरविला तो जपानच्या राकुतेन ह्या व्यापारी कंपनीने. २०२० च्या एप्रिलमध्ये तिचे जाळे सुरू झाले. ते उभारणारे तारेक अमीन आधी मुंबईस जिओमध्ये होते, ही गोष्ट आपल्याला जवळची. जाळे चालले, मात्र कंपनीला त्यापायी वर्षानुवर्षे जबर तोटा सोसावा लागला. अमेरिकेत डिश ह्या कंपनीने खुल्या पद्धतीचे जाळे देशभर नव्याने उभारले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिने आपल्या लहरींचे मोठे हक्क एटीअँडटी आणि स्पेसएक्स ह्यांना विकून टाकले. आणि खुद्द एटीअँडटीने, म्हणजे आघाडीच्या एका संस्थापकानेच, २०२३ च्या डिसेंबरात खुल्या जाळ्यासाठी सुमारे चौदा अब्ज डॉलरांचा करार केला तो एकट्या एरिक्सनशी. पुष्कळांनी कपाळाला हात लावला. दार उघडे ठेवून आत यावयास एकालाच बोलावणे, ह्याला खुलेपणा म्हणावे काय?

मला स्वतःला ह्या गोष्टीचे फारसे नवल वाटत नाही, आणि त्याचे कारण बागलाणातच सापडते. मोसम आणि आरम ह्या नद्यांवरील फड पद्धती आपणांस माहीत आहे. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, प्रत्येकाचा पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या, आणि एकेका फडात अनेक मालकांच्या जमिनी. मालक अनेक, पाणी एक. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षे कशी टिकली? कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, पाट कोणी व किती साफ करावयाचा, हे नियम सर्वांना ठाऊक होते, हे झालेच. पण तेवढ्याने भागले नसते. शेवटच्या शेतात पाणी पोचले नाही तर जाब कोणाला विचारावयाचा, हेही ठाऊक होते. त्यासाठी पाटकरी होता. तो कोणा एका मालकाचा नोकर नव्हता. सगळ्या फडाचा होता आणि सगळे मिळून त्याला धान्य देत.

खुल्या रेडिओ जाळ्यात नियम छापले गेले. अडले ते पाटकऱ्यापाशी. रेडिओ एकाचा, खालची पेटी दुसऱ्याची, प्रोग्रॅम तिसऱ्याचा, संगणक चौथ्याचा. संभाषण मध्येच तुटले, तर चौघेही दुसऱ्याकडे बोट दाखवितात. त्या चौघांना एकत्र बसवून दोष शोधणारा माणूस पाहिजे, आणि तो फुकट मिळत नाही. मोठ्या कंपन्या एकाच कारखानदाराकडे वळतात त्या पुष्कळदा ह्याच कारणाने. पेटीच्या किमतीत वाचलेले पैसे पाटकऱ्याच्या मजुरीत जातात. हा हिशेब आघाडीच्या पहिल्या उत्साहात कमी धरला गेला, असे माझे मत आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. बीएसएनएलची स्थापना १ ऑक्टोबर २००० रोजी झाली. खाजगी कंपन्या चौथ्या पिढीवर गेल्या तरी ती मागेच राहिली. २०२० च्या जानेवारीअखेर तिचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. त्याच वर्षी चौथ्या पिढीच्या यंत्रांसाठी काढलेली निविदा रद्द झाली आणि यंत्रे देशीच हवीत असे ठरले. त्या वेळी अशी यंत्रे देशात कोणी मोठ्या प्रमाणावर बनवीतच नव्हते. अखेर केंद्रीय भागाची विद्या सी-डॉटची, रेडिओ बंगलोरच्या तेजस नेटवर्क्सचा, आणि सगळे जुळवून देण्याची जबाबदारी मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची, अशी मांडणी झाली. २०२३ मध्ये पंधरा हजार कोटी रुपयांहून मोठी मागणी नोंदविली गेली. काम लांबले, ग्राहक गळाले, टीका झाली, ती योग्यही होती. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांच्या हस्ते ह्या जाळ्याचे उद्घाटन झाले. टॉवरांची संख्या ९७,५०० हून अधिक सांगण्यात आली.

ह्या मांडणीत पाटकरी पहिल्यापासून नेमलेला होता, हे तिचे बळ. पण तिला खुले रेडिओ जाळे म्हणता येईल काय? केंद्र एकाचे आणि रेडिओचा भाग दुसऱ्याचा, हा सांधा जीएसएमच्या काळापासून खुलाच होता. रेडिओ आणि त्याची खालची पेटी ह्यांमधील सांधा, ज्यासाठी ओ-रॅनचा सगळा खटाटोप, तेथे येथेही दोन्ही बाजूंना एकच कारखानदार आहे. शिवाय जुळवून देणारा आणि रेडिओ बनविणारा हे दोघेही टाटांच्याच घरातले. यंत्र स्वदेशी असणे आणि सांधा खुला असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कित्तूरच्या एक्स्चेंजच्या वेळी जो भेद मी सांगितला, तोच येथे पुन्हा समोर येतो. पहिली गोष्ट आपण साधली आहे आणि ती लहान नाही. दुसरी अजून साधावयाची आहे.

साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरपट्ट्यातील माणसाला ह्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. कर्तव्य आहे. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने चौथ्या पिढीची सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ती बीएसएनएलकडेच सोपविली. डोंगरातील वस्तीत ग्राहक थोडे, वीज अनियमित, आणि टॉवरपर्यंत केबल नेणे महाग; अशा ठिकाणी खाजगी कंपनी आपण होऊन येत नाही. कांद्याचा भाव, रुग्णवाहिका, रेशनचा अंगठा, पोराची परीक्षेची नोंदणी ही सारी तेथल्या एकाच टॉवरवर अवलंबून राहतात. त्या टॉवरवरील रेडिओ पाच वर्षांनी बिघडला आणि तो बनविणाऱ्याने तो नमुना बंद केला असला, तर दुसऱ्या कोणाचा रेडिओ त्या जागी बसू शकेल की नाही, हे केबलच्या टोकाशी कोणता शब्दकोश वापरला आहे त्यावर ठरणार आहे. मागणी नोंदविताना निविदेच्या कागदावर त्यासाठी एक कलम लागते. पुढच्या निविदा निघतील तेव्हा ते कलम आहे की नाही, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारण्यास तंत्रज्ञ असण्याची जरुरी नाही.